दोन वाजताची माशी

१२ नोव्हेंबर

नाही, पोटं साफ केलेली नव्हती. तिन्ही मासे पाण्यातून काढले तसेच टोपलीत होते. रॉस्कोला किती वेळा सांगायचं? मे महिन्यात ओढ्यावर माझा नवरा डेल्बर्ट वारला, तेव्हापासून त्याचा हा दोस्त हेच विचारतोय. आज हरणाचं मांस द्यायला आला आणि बूट काढायच्या आधीच सुरू –

"विनी, डेल्बर्ट मासा धरला की तिथंच दगडावर बसून पोट फाडायचा. चाळीस वर्षं पाहिलंय मी. मग त्या दिवशी का नाही?"

म्हटलं, "मेलेला माणूस सुरी कशी धरणार रे?"

"तिसऱ्याचं ठीक आहे. पहिल्या दोघांचं तरी केलं असतं."

मी केक कापत राहिले. मग स्वतःच म्हणाला, "एकापाठोपाठ एक लागले असतील. दम घ्यायला सवड नाही. तिसरा हातात आला आणि आनंदानंच गेला. असंच ना?"

"रॉस्को, दार लाव. थंडी येतेय आत."

केकचे दोन तुकडे खाऊन गेला. मांस चांगलं आहे. पाठीचा भाग स्वतःकडे ठेवलाय, लबाड.

१५ नोव्हेंबर

पहिला बर्फ टिकला. खिडकीपाशी टेबल ओढलं, टेबलाच्या कडेला चिमटा आवळला, पिसांचे डबे काढले. माझा हा बेचाळिसावा हिवाळा.

डेल्बर्टची बोटं सॉसेजसारखी. लग्न झालं त्या थंडीत त्यानं ट्राउट माशांना फसवायची एक खोटी माशी पिसं-केसांनी बांधून दाखवली – गळावर कुणीतरी केर गुंडाळलाय असं दिसत होतं. मी हसले. तो म्हणाला, मग तूच बांध. तेव्हापासून मी बांधते आणि तो मासे धरून आणतो. आणायचा. गावात नाव त्याचं झालं – 'डेल्बर्ट डेकरच्या माश्या'. हॅस्ब्रुकच्या दुकानात पुठ्ठ्यावर टोचून ठेवतात, पुठ्ठ्यावर त्याचंच नाव. माझं शिक्षण आठवीपर्यंत, एका खोलीच्या शाळेत. पण पुठ्ठ्यावरचं अक्षर माझंच आहे. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

वरच्या ओढ्यावर त्यानं मला कधी नेलं नाही. म्हणायचा, बाईची सावली पाण्यावर पडली की ट्राउट आठवडाभर तोंड उघडत नाही. आणि ह्याच्या पाइपाचा धूर? तो माशांना औषधी असावा.

१६ नोव्हेंबर

चार माश्या. तिघी बऱ्या. एक चर्चमधल्या पाद्र्याच्या बायकोसारखी – मागून जाड.

२१ नोव्हेंबर

रॉस्कोला शिकायचंय! एकाहत्तराव्या वर्षी. "आता डेल्बर्ट नाही, तू किती दिवस पुरशील?" म्हणतो. गोड बोलायची कला त्याच्या घराण्यातच नाही.

दर गुरुवारी दुपारी यायचं ठरलं. आज दोरा ओढायला शिकवला, तीनदा तोडला. मग करडी-गुलाबी माशी काढली. मे महिन्यात दुपारी दोनला जी खरी माशी पाण्यातून वर उठते, आणि मासे जिच्यावर तुटून पडतात, तिची ही नक्कल. तिच्या अंगाला लागतो कोल्हिणीच्या पोटाचा केस, फिकट गुलाबी. तो रंग कुठल्या दुकानात मिळत नाही. रॉस्कोच्या एका हातात दोरा, दुसऱ्यात पीस, म्हणून केसांचा झुपका ओठांत धरून बसला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मी धरू दिलं.

"ह्याला रंग कशानं देतेस गं?" ओठ न उघडता विचारलं.

"मी नाही देत. कोल्हीणच देते. ती ज्या बाजूनं लघवी करते ना, त्या बाजूचा केस आहे."

अंगणात जाऊन बर्फानं तोंड धुतलं त्यानं. मी खिडकीतून बघत होते. मे महिन्यानंतर पहिल्यांदा पोट धरून हसले.

२८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. बहिणीकडे टर्की. कोरडी.

५ डिसेंबर

पाद्रीची मान भादरायचा दिवस. पाद्री म्हणजे माझा कोंबडा – राखाडी, निळसर, रविवारी सगळ्यात मोठ्यानं ओरडतो म्हणून हे नाव. त्याच्या मानेच्या पिसाला बुडलेल्या ढगाचा रंग आहे आणि पाण्यावर ते ताठ उभं राहतं. न्यूयॉर्कहून आलेला एक जण म्हणाला होता, कोंबडा विका. मी म्हटलं, आधी तुमची टोपी विका. मोठी छान होती टोपी.

रॉस्कोनं पाद्रीला काखेत धरलं, मी एकेक पीस उपटलं. बारा पिसं, बस. पाद्रीनं रॉस्कोच्या बाहीवर प्रसाद दिला.

"डेल्बर्टवर पण करायचा का हा?"

"नाही. डेल्बर्टला मान द्यायचा."

९ डिसेंबर

हॅस्ब्रुक स्वतः घरी आला, टोपी हातात धरून. म्हणजे काहीतरी मागायचं होतं. मच्छीमार मंडळाचा तो अध्यक्ष. मंडळात बायका नाहीत, बायका फक्त नाश्ता रांधतात.

"मिसेस डेकर, मंडळानं ठरवलंय. एक एप्रिलला, हंगाम उघडतो त्या दिवशी, वरच्या ओढ्यापाशी डेल्बर्टच्या नावाची पाटी लावायची. ओकच्या लाकडाची. 'डेल्बर्ट डेकर. सहा मे, दुपारी तीन. अखेरचे तीन ट्राउट.' आणि पाटीखाली काचेत ते तीन ज्या करड्या-गुलाबी माशीला लागले ती. तशीच एक तुम्ही बांधून द्यायची."

"तीन वाजता कशावरून?"

"रॉस्को म्हणतो ना. माशीच दोनला उठते, मग तीन मासे व्हायला तीन वाजणारच."

"आणि डॉक्टर? त्यांनी कागदावर बारा लिहिलंय."

"डॉक्टर मासे धरत नाहीत, मिसेस डेकर."

नाश्त्याच्या वेळी दोन शब्द पण बोलायचे म्हणे. मी म्हटलं, दोनच बोलेन, मोजून ठेवा. हसला. गंमत करतेय असं वाटलं त्याला.

१० डिसेंबर

एकही माशी नाही. बसावंसंच वाटलं नाही.

२ जानेवारी

रॉस्को आज काही न खाता बसला. तेव्हाच समजायला हवं होतं.

गळाचा डबा उघडून नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "तुला एक सांगितलेलं नाही."

मी दोरा ओढत होते. ओढत राहिले.

"त्या दिवशी सकाळी मी त्याच्याबरोबर वर होतो, ते तुला माहितीय. अकराला खाली आलो, तेही. पाण्यावर काही उठत नव्हतं, पाय गारठले होते, कंटाळा आला. पण येताना तो म्हणाला, रॉस्को, डावा हात दुखतोय रे. खांद्यापासून. मी म्हटलं, म्हातारा झालास, बस झाडाला टेकून, गळाची काठी कमी हलव. आणि निघून आलो. मागं वळून पाहिलं तर खरंच बसला होता, हेमलॉकला टेकून."

मी गळ चिमट्यातून काढला.

"डॉक्टरच्या कागदावर बारा लिहिलंय. बारा असेल तर मी त्याला तसाच सोडून आलो, विनी. तासाभरात गेला असेल, आणि मी घरी बसून सूप पीत होतो. पण मासे आहेत ना! ती माशी दोनच्या आधी उठत नाही. आमच्या जन्मात नाही उठली. म्हणजे दोनला तो उभा होता, धडधाकट, गळ फेकत होता. हात दुखला तो वातानं. तीन मासे धरले, त्यातला एक तेरा इंचांचा. मग गेला. बरोबर ना?"

बोलताना हातात ती माशी होती. डेल्बर्टच्या दोऱ्यावरून त्यानं त्याच दिवशी कापून घेतली होती, तपकिरीच्या डबीत ठेवतो. पिसं चावून चावून उडालेली. तीन तोंडांतून गेलेली माशी कुणीही ओळखेल.

"तू वर जेवण घेऊन गेलीस तेव्हा तीन वाजले होते म्हणालीस. तेव्हा अजून ऊब होती का गं अंगाला?"

म्हटलं, "थंडी होती त्या दिवशी. माझेच हात गार होते."

डोळे पुसले त्यानं, माझ्या भांडी पुसायच्या फडक्यानं. ते धुवायला टाकलं.

३ जानेवारी

रॉस्को जेवत नव्हता, झोपत नव्हता, सगळा उन्हाळा नुसता सुकत गेला, आणि मला वाटत होतं दोस्ताचं दुःख आहे. दोस्ताचं नव्हतं. अकरा वाजताचं होतं.

त्याच्याकडे फक्त ते तीन मासे आहेत धरायला.

१६ जानेवारी

पाच माश्या मी, एक रॉस्कोनं. त्याची माशी पाण्यात टाकली तर ट्राउट हसून मरेल. तसं सांगितलं. "तेवढंच एक कमी मारावं लागेल," म्हणाला. आज सूप दोनदा घेतलं.

२४ जानेवारी

हॅस्ब्रुकच्या दुकानात मोठी भांडणं. मी खिळे घ्यायला गेले होते, शेगडीपाशी उभी राहिले. रॉस्को आणि डॉक्टर.

"तुमचा कागद चुकलाय," रॉस्को म्हणतोय. "बारा खोडा, तीन लिहा."

"रॉस्को, मी चाळीस वर्षं माणसं तपासतोय."

"आणि ती माशी दहा हजार वर्षं दोनलाच उठतेय. मला कुणावर भरवसा ठेवायचा ते कळतं."

दुकानातले सगळे माना हलवायला लागले. पाचही जण. खरंच पटलं त्यांना! एखाद्या शहाण्या गावात हे कुणी ऐकूनसुद्धा घेतलं नसतं. इथं डॉक्टर एकटा पडला. माशीनं हरवला त्याला.

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी खिळे मोजले.

११ फेब्रुवारी

पोस्टात डॉक्टर भेटले. टपाल घेताना हळूच म्हणाले, "मिसेस डेकर, मी कागद बदलणार नाही. पण पाटीवर काय लिहितात त्याच्याशी मला देणंघेणं नाही."

"बरं."

"एक मात्र आठवतं. त्या दिवशी तुमचा स्कर्ट मांडीपर्यंत ओला होता."

"ओढा ओलांडावा लागतो, डॉक्टर."

"ओलांडायच्या जागी पाणी घोट्याइतकं आहे."

"मी बुटकी आहे."

हसले नाहीत. पण टोपी उचलून गेले. चांगला माणूस आहे. त्यांची बायको भोपळ्याचा केक फार गोड करते, तेवढा एक दोष.

१२ फेब्रुवारी

आज सात माश्या. सगळ्या सुंदर.

६ मार्च

वितळायला लागलंय. पन्हाळीतून थेंब पडतात. आज पाटीची माशी बांधली.

रॉस्को समोर. तपकिरीची डबी उघडून जुनी माशी माझ्यासमोर ठेवली, नमुना म्हणून. नमुन्याची मला गरज नव्हती, ती मीच बांधली होती, एप्रिलमध्ये, ह्याच खुर्चीत. पण बघत बसले. शेपटीचा अर्धा भाग गेलेला. गुलाबी केस विस्कटून दोरा दिसतोय.

गळ चिमट्यात धरला. मेण लावलेला दोरा. शेपटी. बदकाच्या कुशीच्या पिसाचे दोन पंख, उभे. कोल्हिणीचा केस चिमटीत पिळून दोऱ्यावर चढवला. मग पाद्रीचं पीस, तीन वेढे.

म्हटलं आता सांगावं. दुपार होती, तो एकटा होता, माझे हात कामात होते – हात कामात असले की तोंडाला सोपं जातं. म्हटलं, "रॉस्को."

"अं?"

वर पाहिलं त्यानं. गालावर जरा मांस आलंय. दाढी केली होती. गेल्या आठवड्यात म्हणे गावातल्या नाचाला गेला आणि हॅस्ब्रुकच्या विधवा मावशीच्या पायावर पाय दिला.

"तुझ्या शर्टाला अंडं लागलंय," मी म्हटलं.

पुसलं त्यानं. अंडं नव्हतंच. तरी पुसलं.

शेवटची गाठ मारली, दोरा कापला. तो म्हणाला, "विनी, ही मी पाहिलेली सगळ्यात चांगली माशी आहे. डेल्बर्टला केवढा अभिमान वाटला असता."

डेल्बर्टनं एका माशीचंही कधी कौतुक केलं नाही. 'बरीय' म्हणायचा. त्याला तेवढंच यायचं. एकेचाळीस हिवाळे तेवढंच. 'बरीय, बरीय, बरीय.'

१९ मार्च

हॅस्ब्रुकचा निरोप: पाटी तयार, दोन शब्द विसरू नका.

२८ मार्च

दोन शब्द लिहून पाहिले. चार कागद फाडले. पहिल्या कागदावर खरं लिहिलं होतं. तो शेगडीत घातला, बाकीचे कोंबड्यांच्या खुराड्यात.

१ एप्रिल

अग्निशमन दलाच्या शेडमध्ये पहाटेपासून रांधलं. गव्हाच्या काळ्या पिठाचे जाड घावन, सॉसेज, मेपलचा पाक. साठ पुरुष जेवले, आम्ही सहा बायका उभ्या. माझ्या घावनांना कडा चांगल्या आल्या होत्या.

मग हॅस्ब्रुकनं चमच्यानं कप वाजवला. मी ॲप्रनला हात पुसले. सगळे माझ्याकडे. रॉस्को पहिल्या बाकावर, कोट इस्त्रीचा, ताठ. तोंड बघून वाटत होतं, कोर्टात निकाल ऐकायला बसलाय.

मी म्हटलं, "तो सुखानं गेला. बसा, घावन गार होतात."

दोनपेक्षा जास्त झाले. टाळ्या वाजवल्या. रॉस्को रडला, सगळ्यांदेखत, आणि त्याची त्याला काही लाज नव्हती.

नंतर वर गेलो. बर्फ अजून झाडांखाली. पाटी छान आहे, अक्षरं खोल कोरलेली, 'दुपारी तीन'. मंडळाच्या लोकांनी आज मला पाण्यापर्यंत येऊ दिलं, सावलीसकट. रॉस्कोनं डेल्बर्टची बांबूची काठी आणली होती. म्हणाला, "धर. एकदा तरी गळ फेकून बघ. त्याच्या नावानं."

"मला कुठं येतंय?"

"मी दाखवतो."

माझ्या मागं उभा राहून मनगट कसं धरायचं ते दाखवलं. दहा आणि एक, घड्याळाच्या काट्यांसारखं, म्हणाला. मी माशी त्याच्या टोपीत अडकवली. मग झुडपात. मग हॅस्ब्रुकच्या कोटात. सगळे हसले.

"शिकशील हळूहळू," रॉस्को म्हणाला. खांद्यावर हात ठेवला. "आज मला झोप लागेल, विनी."

म्हटलं, "लागू दे."

२ एप्रिल

त्या दिवशी, सहा मेला, मी दीडलाच पोचले होते. तो गार झाला होता. टेकून बसलेला, टोपी डोळ्यांवर. हात लावला, कळलं. जेवणाचा डबा त्याच्याशेजारी ठेवला.

गावाकडे निघाले होते. तेवढ्यात दोन वाजले असणार, कारण माश्या उठल्या. आधी चार-पाच, मग पाण्यावर सगळीकडे, आणि खाली ट्राउट तोंडं उघडायला लागले. रॉस्कोची माशी बरोबर होती. डॉक्टरही बरोबर होते.

मी त्याच्या मांडीवरची काठी घेतली. वीस वर्षं परसात चोरून गळ फेकत आलेय, कपड्यांच्या दोरीवरचे चिमटे नेमके टिपते. स्कर्ट खोचला, पाण्यात उतरले. पहिला, दुसरा, आणि तासाभरानं तेरा इंची.

त्याच्या मानासाठी धरले असं म्हटलं तर बरं दिसेल. तसं नव्हतं. मला धरायचे होते. इतकी मजा मला जन्मात आली नव्हती.

त्या अख्ख्या तासात मी त्याच्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही.